काळमेघाच्या शेतीत बायोचार आणि रासायनिक खत : ही जोडी कोठे जुळते, कोठे जुळत नाही

चेन्नईत आणि एकूणच तमिळनाडूत तापाच्या साथीच्या दिवसांत ‘निलवेंबु कुडिनीर’ या सिद्ध पद्धतीच्या काढ्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते. 2012 मधील डेंग्यूच्या मोठ्या साथीनंतर तो शासकीय रुग्णालयांतूनही वाटला जाऊ लागला. नऊ घटकांच्या या काढ्यात वाळा, चंदन, नागरमोथा, सुंठ, मिरे असली तरी त्याला नाव मिळाले आहे ते निलवेंबूमुळे. तमिळमध्ये ‘निलम’ म्हणजे भूमी आणि ‘वेंबु’ म्हणजे कडुनिंब; म्हणजे शब्दशः भुईनिंब. हीच वनस्पती आपल्याकडे काळमेघ म्हणून ओळखली जाते आणि कोकणात तिला पाले किराईत म्हणतात. तापात पाले किराइताचा कडू काढा घेतलेली पिढी कोकणात अजून आहे. काढ्याने कोणता रोग किती बरा होतो हा वैद्यांचा आणि डॉक्टरांचा विषय आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या काढ्यात जाणारे पान कसे पिकवावे एवढाच आहे.

या पानाला चेन्नईत मोठे आणि संघटित गिऱ्हाईक आहे. ताम्बरम येथे 2005 पासून राष्ट्रीय सिद्ध संस्था कार्यरत आहे. वैद्यांच्या सहकारातून 1944 मध्ये उभी राहिलेली ‘इम्पकॉप्स’ ही औषधनिर्माण संस्था आणि तमिळनाडू शासनाचे वनौषधी महामंडळ ‘टॅम्पकॉल’ ही दोन्ही याच शहरातील. तरीही काळमेघ शेतकऱ्याकडून घेतला जातो तो बहुतेक वेळा वाळलेल्या पंचांगाच्या वजनावर. औषधी वनस्पतींच्या खतव्यवस्थापनातील सर्वांत अवघड प्रश्न या व्यवहारातून निर्माण होतो. वजन वाढविणे म्हणजे औषध वाढविणे नव्हे.

वजन आणि कडूपणा

काळमेघाचा कडूपणा आणि त्याचे औषधी मोल मुख्यतः अँड्रोग्राफोलाइड या घटकात आहे. त्याच्या रेणूत 20 कार्बन, 30 हायड्रोजन आणि 5 ऑक्सिजन अणू असतात. नत्राचा एकही अणू नसतो. भरपूर नत्र मिळाल्यावर पीक तरारते, पाने रुंद होतात, हिरवेपणा डोळ्यांत भरतो, परंतु त्या नत्राचा मोठा वाटा पानातील प्रथिनांकडे व हरितद्रव्याकडे जातो. कडू द्रव्य त्याच प्रमाणात वाढेलच असे नाही, आणि वाढलेल्या पानाच्या तुलनेत त्याचे शेकडा प्रमाण घटूही शकते.

आकडेमोड करून पाहू. समजा, एका गुंठ्यातून 20 किलो वाळलेला माल मिळाला आणि त्यात अँड्रोग्राफोलाइड 2 टक्के निघाले, तर गुंठ्याला 400 ग्रॅम औषधी द्रव्य मिळाले. दुसऱ्या गुंठ्यात नत्राचा हात सैल सोडल्यामुळे माल 24 किलो निघाला, पण प्रमाण 1.6 टक्क्यांवर आले, तर औषधी द्रव्य 384 ग्रॅम. काट्यावर 20 टक्के वाढ झाली आणि काढ्याच्या दृष्टीने घट झाली. व्यापारी वजनाचे पैसे देत असल्याने शेतकऱ्याला ही घट दिसत नाही. दिसते ती कारखान्याच्या प्रयोगशाळेत. तेथे एखादी खेप नाकारली गेली की त्या भागातील सर्वांच्याच मालाकडे संशयाने पाहिले जाते.

मग नत्र तोडावे काय? तसेही नाही. उपाशी पिकात प्रमाण चांगले येईल, पण पानच कमी आले तर गुंठ्यामागचे एकूण द्रव्य घटेल. पिकाला अन्न पुरेसे मिळावे, एकदम न मिळता वाढीच्या काळभर मिळत राहावे आणि पावसाबरोबर वाहून जाऊ नये, ही खरी गरज आहे. बायोचारचा उपयोग येथे होऊ शकतो.

राबाची आठवण

बायोचार म्हणजे काष्ठमय अवशेष अत्यल्प हवेत, साधारण 350 ते 600 अंश सेल्सिअस तापमानास तापवून केलेला, जमिनीत घालण्यासाठीचा कोळसा. कोकणातील शेतकऱ्याला ही कल्पना परकी वाटू नये. भाताच्या रोपवाटिकेसाठी शेण, पालापाचोळा आणि डहाळ्या पसरून, वर माती टाकून राब भाजण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भाजावळीनंतर मातीत जे काळे अर्धवट जळलेले तुकडे राहतात, ते एका अर्थी बायोचारच होत. फरक इतकाच की राबात बहुतेक कर्ब हवेत उडून जातो आणि राख उरते. भट्टीत हवा रोखल्यामुळे कर्बाचा मोठा भाग कोळशाच्या रूपाने हाती लागतो. राख एकदोन पावसांत धुऊन जाते. मातीतील चांगला कोळसा शेकडो वर्षे टिकतो. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या खोऱ्यात प्राचीन वस्त्यांच्या जागी सापडणारी काळी सुपीक माती हा त्याचा पुरावा मानला जातो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बायोचार हे खत नव्हे. त्यात थोडे पालाश, थोडा चुना, भाताच्या तुसापासून केला असल्यास भरपूर सिलिका असते. परंतु त्यातील नत्र पिकाच्या कामी जवळजवळ येत नाही. ‘रासायनिक खताऐवजी बायोचार’ असा प्रचार काही ठिकाणी ऐकू येतो. त्यावर विसंबून खत पूर्ण बंद करणाऱ्या शेतकऱ्याचे पीक पिवळे पडते आणि बायोचारचे नाव कायमचे खराब होते. ताजा कोरडा कोळसा जमिनीतील उपलब्ध नत्र व विद्राव्य पदार्थ काही काळ स्वतःकडेच धरून ठेवतो, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत उलटाच परिणाम दिसण्याची शक्यता असते. बायोचारला कोठार समजावे. त्यात धान्य भरावे लागतेच.

त्या कोठाराची रचना अशी. कोळशाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि मातीत तो जसजसा जुना होतो तसतसा वाढत जातो. अमोनियम, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे धनभारित कण या पृष्ठभागावर सैलसर धरले जातात आणि मुळांना हळूहळू मिळतात. नायट्रेट ऋणभारित असल्याने असे धरले जात नाही. मात्र सूक्ष्म छिद्रांत साठलेल्या पाण्याबरोबर त्याचाही काही अंश थांबतो. म्हणून बायोचार घातल्यावर युरिया एकाच वेळी दिला तरी चालेल, असा अर्थ काढू नये. नत्राचे हप्ते पाडावेच लागतात.

गुजरातेतील प्रयोग आणि त्याचा अर्थ

भारतीय कृषी संशोधन परिषदेचे औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय गुजरातेत आणंदजवळ बोरियावी येथे आहे. तेथील शास्त्रज्ञांनी काळमेघावर बायोचार आणि रासायनिक खतांच्या एकत्रित वापराचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही एकत्र दिल्यास उत्पादन, औषधी गुणवत्ता आणि जमिनीचे आरोग्य या तिन्हींत सुधारणा होते, असा त्यांचा मथितार्थ आहे. वजन वाढले आणि प्रत घसरली, असे झाले नाही, हे आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे.

परंतु हा निष्कर्ष उचलून थेट विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत नेऊन ठेवता येणार नाही. आणंद परिसरातील ‘गोराडू’ जमीन हलकी, वालुकामिश्रित आणि सेंद्रिय कर्बाने गरीब आहे. धरून ठेवण्याची क्षमता जेथे मुळातच कमी, तेथे कोठाराची किंमत जास्त. 2017 मध्ये जगभरातील प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यातही असेच दिसले. उष्ण कटिबंधात बायोचारने उत्पादन सरासरी सुमारे 25 टक्के वाढले, तर समशीतोष्ण प्रदेशात सरासरी काहीच वाढले नाही. उष्ण कटिबंधातील त्या जमिनी बहुतांशी आम्ल आणि निकस होत्या. बायोचारमधील चुन्याचा व अन्नद्रव्यांचा तेथे लाभ झाला.

या कसोटीवर चेन्नईचा परिसर पाहू. चेंगलपट्टू, तिरुवळ्ळूर या भागांत तांबडी पोयट्याची आणि किनाऱ्यालगत रेताड जमीन आढळते. शहराचा वार्षिक पाऊस सुमारे 1,400 मिलिमीटर असला तरी त्याचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात कोसळतो. जुलैत लावलेला काळमेघ 100 ते 120 दिवसांचा होतो तो नेमका तेव्हाच. रेताड जमिनीतील नत्र व पालाश अशा पावसात मुळांच्या खाली उतरतात. डिसेंबर 2015 च्या आरंभी ताम्बरम येथे एका दिवसात सुमारे 49 सेंटिमीटर पाऊस झाला. अशा प्रलयापुढे बायोचारचा इलाज नाही, तेथे निचऱ्याचे चरच कामाला येतात. नेहमीच्या जोरदार सरींत मात्र त्याचा उपयोग व्हावा.

महाराष्ट्रात या परिस्थितीशी सर्वांत जवळची जमीन कोकणातील जांभ्याची. पाऊस चेन्नईच्या दुपटीहून अधिक, निचरा अतिजलद, सामू बहुधा 5 ते 6.5 च्या दरम्यान. शिवाय आम्ल जांभ्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडून ठेवतात. बायोचारमुळे सामू थोडा वर सरकला की त्यातील काही स्फुरद मोकळे होते. म्हणजे दिलेल्या सुपर फॉस्फेटचे मोल वाढते. भाताच्या गिरण्यांतील तूस हाताशी आणि पाले किराइताचे झाड अंगणातच, ही कोकणाची आणखी जमेची बाजू.

याउलट काळ्या जमिनीची कॅटायन विनिमय क्षमता मुळातच 100 ग्रॅम मातीस 30 ते 60 मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे हलक्या तांबड्या जमिनीच्या कितीतरी पट असते आणि सामू 8 च्या आसपास. अशा जमिनीत 8 ते 10 सामूचा कोळसा टनांनी ओतल्यास जस्त व लोहाची कमतरता वाढण्याचा धोका आहे. काळ्या जमिनीत औषधी पिके घेणाऱ्यांना आम्ही बायोचारची सरसकट शिफारस करणार नाही. माती परीक्षणाचा अहवाल हाती घेतल्याशिवाय विस्तार कार्यकर्त्यांनीही ती करू नये. चोपण जमिनीत तर हा विषयच काढू नये.

कोळसा कशाचा आणि कसा

तमिळनाडूत यासाठी सर्वांत सहज मिळणारा कच्चा माल म्हणजे वेडी बाभूळ, तेथील भाषेत ‘सीमै करुवेलम’. रामनाथपुरम, विरुदुनगर या कोरड्या जिल्ह्यांत तिचा कोळसा पाडणे हा जुना उद्योग आहे. 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ही झाडे हटविण्याचा आदेश दिल्याने त्या लाकडाचे काय करावे हा प्रश्न अधिकच पुढे आला. सोलापूर, अहिल्यानगरच्या माळांवर हीच बाभूळ आपल्यालाही परिचित आहे. खाऱ्या जमिनीवर वाढलेल्या झाडांच्या कोळशात क्षार जास्त असू शकतात. तो वापरण्यापूर्वी पाण्याने धुऊन घ्यावा आणि त्याची विद्युत वाहकता तपासावी. आपल्याकडे याशिवाय कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, भाताचे तूस, नारळाच्या करवंट्या ही सामग्री आहे. काढा काढून उरलेला वनौषधींचा चोथाही वाळवून कोळशासाठी वापरता येण्याजोगा आहे. औषध कारखान्यांजवळच्या शेतकऱ्यांनी त्याची चौकशी करावी.

हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, म्हणजे ‘क्रीडा’ने, 200 लिटरच्या लोखंडी पिंपापासून बनविलेली साधी भट्टी लहान शेतकऱ्यास परवडण्यासारखी आहे. वाळलेल्या काड्यांच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा कोळसा मिळतो असे धरावे. कोळसा नीट झाला की नाही, हे पाहण्याची घरगुती परीक्षा सोपी आहे. तो हातावर चोळावा. हात नुसत्या पाण्याने स्वच्छ झाला तर ठीक, तेलकट चिकटपणा राहिला तर त्यात डांबरी द्रव्ये उरली आहेत. दुसरी परीक्षा म्हणजे एका कुंडीत माती आणि दुसरीत माती व कोळसा घेऊन दोन्हींत मेथी पेरणे. कोळशाच्या कुंडीत उगवण मागे पडली तर तो कोळसा शेतात नेऊ नये.

रंग दिलेले लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक मिसळलेला कचरा, टायर यांचा कोळसा औषधी पिकाला कदापि वापरू नये. आयुर्वेदिक औषधींत शिसे 10, आर्सेनिक 3, कॅडमियम 0.3 आणि पारा 1 पीपीएमपेक्षा अधिक असता कामा नये, असा दंडक आहे. कॅडमियमची मर्यादा किती कडक आहे ते ध्यानात घ्यावे. स्फुरदयुक्त खतांतून कॅडमियमचा अंश जमिनीत येत असतो. आम्ल जमिनीत चांगला बायोचार सामू वाढवून आणि हा धातू धरून ठेवून पिकाचे त्याचे शोषण कमी करू शकतो. रासायनिक खतांबरोबर त्याची जोड घालण्याचे हे आणखी एक कारण. वाईट बायोचार मात्र तोच धातू शेतात आणून टाकील.

वापर

हेक्टरी 5 टन ही मात्रा प्रयोगांत वारंवार वापरली जाते. ऐकायला ती सोपी वाटते, पण तिच्यासाठी 20 टन वाळलेल्या काड्या लागतात. एवढा काडीकचरा एका हेक्टरासाठी गोळा करणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात नाही, हे प्रथम मान्य करू या. गुंठ्याचा हिशेब धरला तर मात्र गोष्ट आटोक्यात येते. गुंठ्याला 50 किलो कोळसा, त्यासाठी सुमारे 200 किलो काड्या. पाच गुंठ्यांच्या पाले किराइताला एक टन तूस किंवा पऱ्हाट्या. सर्व वाफ्यात पसरण्याऐवजी लागवडीच्या ओळीतच घातल्यास याहूनही कमी पुरते. एकदा घातलेला कोळसा पुढील अनेक हंगाम कामाला येतो, त्यामुळे दरवर्षी एकेक वाफा असे करीत गेल्यासही चालते. खंडाने जमीन कसणाऱ्यास हे गणित पटणार नाही, आणि त्याला आग्रहही करू नये.

कोळसा ज्वारीच्या दाण्याएवढा बारीक करावा. त्याची पूड करू नये. बारीक करताना पाणी शिंपडावे, नाकातोंडाला कापड बांधावे. त्यानंतर तो दुप्पट शेणखतात किंवा गांडूळखतात मिसळून, शेणकाल्याने ओला करून दोन ते तीन आठवडे सावलीत झाकून ठेवावा. कोठार भरण्याचे काम ते हेच. काही जण कोळसा युरियाच्या द्रावणात भिजवितात. कोळसा अल्कधर्मी असल्याने अमोनियाचा वायू होऊन नत्र उडते, म्हणून ही रीत आम्हाला पसंत नाही. त्याच कारणाने युरिया, अमोनियम सल्फेट किंवा डीएपी कोरड्या कोळशात मिसळून पोती भरून ठेवू नयेत.

तयार मिश्रण पुनर्लागवडीपूर्वी वरच्या 10 ते 15 सेंटिमीटर थरात मातीआड करावे. स्फुरद व पालाश लागवडीच्या वेळी द्यावे. नत्र माती परीक्षणानुसार ठरलेल्या मात्रेत दोन ते तीन हप्त्यांत, ओळीच्या बाजूला मातीआड द्यावे. भातासाठी युरिया-डीएपी ब्रिकेट वापरणाऱ्या कोकणातील शेतकऱ्यांना खत मातीआड देण्याचा लाभ वेगळा सांगावयास नको. पहिल्या वर्षी खताची मात्रा कमी करू नये. कपातीचा विचार दुसऱ्या हंगामापासून, मातीचा अहवाल पाहून करावा.

उभ्या पिकावर कोळसा वरून टाकू नये. काळमेघ बुटका, पाने जमिनीलगत. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर काळे कण पानांना चिकटतात आणि मालाच्या तपासणीत राख व बाह्य द्रव्य यांचे प्रमाण वाढते. कापणी फुलोरा सुरू होण्याच्या सुमारास, अँड्रोग्राफोलाइड भरात असताना करावी. उशीर झाला की पाने गळतात, काडी उरते आणि काडीत कडू द्रव्य पानाच्या मानाने फारच कमी असते.

ज्या शेतकऱ्यांचा खरेदीदार प्रमाणित सेंद्रिय माल मागतो, त्यांना ही पद्धत लागू नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालील शेतात युरियाला परवानगी नाही. त्यांनी कंपोस्टने भरलेल्या बायोचारपुरतेच थांबावे. म्हणून लागवडीपूर्वी पहिला प्रश्न खरेदीदाराला विचारावा, आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

येत्या खरिपात आपल्या गावी प्रात्यक्षिक घेऊ इच्छिणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांनी अर्ध्या गुंठ्याचे चार वाफे करावेत. एका वाफ्यास फक्त शिफारशीत खत, दुसऱ्यास फक्त भरलेला बायोचार, तिसऱ्यास बायोचार आणि पूर्ण खत, चौथ्यास बायोचार आणि पाऊण खत. तुलना खरी ठरावी म्हणून बायोचारबरोबर जेवढे शेणखत जाते, तेवढेच पहिल्या वाफ्यालाही द्यावे. एरवी शेणखताचे श्रेय कोळशाला जाते. लागवडीपूर्वी व कापणीनंतर प्रत्येक वाफ्याची माती तपासावी. कापणीनंतर पाने आणि काड्या सावलीत वाळवून वेगवेगळ्या तोलाव्यात, प्रत्येक वाफ्यातील 200 ग्रॅम पाने निराळ्या पिशवीत घालून, चिठ्ठी लावून अँड्रोग्राफोलाइडच्या तपासणीस पाठवावीत. चार पिशव्यांच्या तपासणीचा खर्च शेतकऱ्यावर टाकू नये. तो प्रात्यक्षिकाच्या तरतुदीतच धरावा. त्या अहवालाची एक प्रत शेतकऱ्याला द्यावी, म्हणजे पुढच्या वेळी व्यापाऱ्यासमोर बसताना वजनाच्या चिठ्ठीबरोबर दाखविण्यास त्याच्या हाती दुसराही कागद असेल.